ब्रिटनमध्ये घराण्याच्या अब्रूपायी छळ सोसणाऱ्या आपल्या बायका-मुली: नेमकी मदत कुठे आणि कशी

अवनी_मिडलंड्स (धागालेखिका)

हा विषय इथे दोन वेगळ्या धाग्यांवर ओझरता येऊन गेला. दोन्हीकडे सल्ले तेच पडले: "सरळ पोलिसात जा" किंवा "घरातल्या वडीलधाऱ्यांना मध्ये घाला". पहिला सल्ला अर्धवट आहे, दुसरा जिवावर बेतू शकतो. ज्यांना या कामाची माहिती आहे त्यांनी सगळं एका जागी लिहावं म्हणून हा धागा.

आधी फरक समजून घेऊ. नेहमीच्या कौटुंबिक हिंसाचारात बहुतेक वेळा छळणारा एकच असतो, नवरा किंवा जोडीदार. अब्रूच्या नावाखाली होणाऱ्या छळात तो सहसा एकटा नसतो. आई नजर ठेवते, भाऊ फोन तपासतो, सासू पगाराचं कार्ड स्वतःकडे ठेवते, काका गावाहून व्हिडिओ कॉलवर दम देतो. यातल्या प्रत्येकाला आपण घराण्याचं नाव वाचवतोय असंच वाटत असतं. म्हणून "नवऱ्याला घराबाहेर काढा, कुलूप बदला" हा नेहमीचा तोडगा इथे लागू पडत नाही. एकाला अटक झाली तरी बाकीचे मोकळेच असतात, आणि अटकेमुळे "आता तर चव्हाट्यावरच आणलं" म्हणून राग वाढतो.

निमित्त काहीही असतं. जातीबाहेरचं किंवा धर्माबाहेरचं प्रेम, ठरलेल्या स्थळाला नकार, घटस्फोट मागणं, मुलगी समलिंगी असल्याचं कळणं, कधी इन्स्टाग्रामवरचा एखादा फोटो. आपल्या मराठी घरांत असं होत नाही, हा भ्रम आधी सोडावा लागेल. इंग्लंड आणि वेल्समध्ये मार्च २०२३ ला संपलेल्या वर्षात पोलिसांनी अशा २,९०५ गुन्ह्यांची नोंद केली. ही फक्त पोलिसांपर्यंत पोचलेली प्रकरणं.

बनाझ महमूदचं प्रकरण या कामातल्या प्रत्येकाला शिकवलं जातं. दक्षिण लंडनमधली २० वर्षांची कुर्दी मुलगी, जानेवारी २००६ मध्ये तिचा खून झाला. त्याआधी ती पुन्हा पुन्हा पोलिसांकडे गेली होती. आपल्याला कोण मारणार त्यांची नावंही तिने लिहून दिली होती. ३१ डिसेंबर २००५ ला वडिलांनी तिला ब्रँडी पाजली. घातपात लक्षात येताच ती खिडकीची काच फोडून रक्ताळलेल्या हातांनी पळाली. आलेल्या पोलीस अधिकाऱ्याला ते नाटक वाटलं आणि काच फोडल्याबद्दल तिच्यावरच गुन्हा नोंदवायचा विचार झाला. वडील आणि काकाला २००७ मध्ये शिक्षा झाली. दोन चुलतभाऊ इराकला पळाले होते, त्यांना परत आणून २०१० मध्ये शिक्षा झाली. बनाझ पोलिसात गेली नव्हती असं नाही. ती काय सांगते आहे हे ओळखणारं माणूस समोर नव्हतं. खास सेवा लागते ती यासाठी.

नंबर वरच देऊन ठेवते.

जीव धोक्यात असेल तर ९९९. बोलता येत नसेल तर मोबाइलवरून ९९९ लावा. ऑपरेटरने विचारलं की खोका किंवा फोनवर टिचकी मारा आणि सांगितल्यावर ५५ दाबा. कॉल पोलिसांकडे जातो. फक्त ५५ दाबल्याने तुमचा ठावठिकाणा कळत नाही, म्हणून जमेल तसं हो-नाही उत्तर द्या.

कर्म निर्वाणा ही याच विषयाची राष्ट्रीय हेल्पलाइन: ०८०० ५९९९ २४७, सोमवार ते शुक्रवार दिवसा. संस्था १९९३ ची, जसविंदर संघेरा यांनी सुरू केलेली. पुरुषांनाही मदत करतात.

जबरदस्तीच्या लग्नासाठी सरकारचा फोर्स्ड मॅरेज युनिट हा विभाग: ०२० ७००८ ०१५१.

रात्री-बेरात्री लागणारी राष्ट्रीय घरगुती हिंसाचार हेल्पलाइन: ०८०८ २००० २४७.

रेवती_ग्लासगो

उत्तम धागा. यात स्थानिक संस्थांची भर घालते, कारण राष्ट्रीय नंबर पहिल्या फोनसाठी चांगला, पण पुढचे सहा महिने सोबत करणारं माणूस जवळच्या संस्थेतच मिळतं.

ग्लासगोत हेमत ग्रायफ, एडिंबरात शक्ती विमेन्स एड, वेल्समध्ये बावसो. लंडनमध्ये साउथॉल ब्लॅक सिस्टर्स, १९७९ पासून. इराणी, कुर्दी आणि अरब बायकांसाठी इक्रो. पूर्व लंडनमध्ये आशियाना नेटवर्क, तरुण मुलींसाठी त्यांचे वेगळे रेफ्यूज (गुप्त पत्त्याचे निवारे) आहेत. लिव्हरपूलकडे सवेरा, मिडल्सब्रोकडे हेलो प्रोजेक्ट. समलिंगी किंवा ट्रान्स व्यक्तींसाठी गॅलप.

स्कॉटलंडचा कायदा वेगळा आहे हे लक्षात असू द्या. जबरदस्तीच्या लग्नाविरुद्ध इथे २०११ चा स्वतंत्र कायदा आहे. लग्नाचं किमान वय इंग्लंड आणि वेल्समध्ये २७ फेब्रुवारी २०२३ पासून १८ झालं, स्कॉटलंडमध्ये ते १६ च आहे. इंग्लंडमधल्या मैत्रिणीला मिळालेला कागद घेऊन इथल्या कोर्टात जाऊ नका.

प्रसाद_रेडिंग

ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या घरी असं काही चाललंय अशी शंका आली तर बाहेरच्या माणसाने काय करावं? आणि मुख्य म्हणजे काय करू नये?

अवनी_मिडलंड्स

प्रसाद, न करण्याच्या गोष्टी आधी. नवऱ्याशी किंवा कुटुंबातल्या कुणाशीही बोलू नका, "समजावून सांगतो" या भावनेनेही नाही. मंडळातल्या किंवा देवळातल्या प्रतिष्ठित माणसाच्या कानावर घालू नका. तिच्या नंबरवर "तू ठीक आहेस ना? काही मदत हवी का?" असा मेसेज टाकू नका. तो फोन दुसऱ्याच्या हातात असू शकतो, आणि तुमच्या मेसेजचा अर्थ "हिने बाहेर तोंड उघडलं" असा लावला जाईल. तुम्ही पुरुष असाल तर त्यावरून आणखी भलताच संशय.

आता काय करावं. ती एकटी भेटेल तेव्हाच विचारायचं, आणि साधं विचारायचं: "घरी कोणाची भीती वाटते का?" 'ऑनर' वगैरे शब्द आपण वापरायचे नाहीत. बरेचदा तिला स्वतःला हा छळ वाटतच नसतो, "आमच्याकडे असंच असतं" एवढंच ती म्हणेल. तिने काही सांगितलं तर शंका घेऊ नका आणि पुरावा मागू नका. या कामात एक नियम आहे, एकाच संधीचा नियम. ती पुन्हा बोलायला येईलच असं नाही, म्हणून त्याच भेटीत तिच्या हातात एखादा नंबर आणि पुन्हा सुरक्षितपणे भेटायची एखादी सोय पडलीच पाहिजे. नंबर कागदावर देऊ नका, तिला पाठ करायला सांगा किंवा मैत्रिणीच्या नावाने सेव्ह करा.

तिच्याशी बोलणं शक्यच नसेल तर तुम्ही स्वतः कर्म निर्वाणाला फोन करून सल्ला घेऊ शकता. ओळखीच्यांना, शिक्षकांना, डॉक्टरांना ते मार्गदर्शन करतात. तिचं वय १८ च्या आत असेल तर काउन्सिलच्या (स्थानिक नगरपालिकेच्या) बाल-संरक्षण विभागाला कळवायचं, आणि कळवताना बजावून सांगायचं की घरी फोन करू नका.

रेवती_ग्लासगो

शेवटच्या वाक्याला जोर द्यावा तेवढा थोडा. शाळेने काळजीपोटी आईवडिलांना बोलावून घेतलं, क्लिनिकचं पत्र घरच्या पत्त्यावर गेलं, सोशल वर्करने सासूसमोरच विचारलं "तुम्हाला इथे सुरक्षित वाटतं का?", आणि तिने "हो" म्हणताच फाइल बंद झाली. चुका नेहमी याच होतात. हेतू चांगला असतो, पण छळणारं कुटुंबच असू शकतं हे डोक्यात नसतं.

अण्णा_स्लाव

सगळं वाचलं. पण एक वेगळा मुद्दा मांडतो. आपल्या समाजात घरातले चार जाणते लोक बसून पुष्कळ गोष्टी मिटवतात. प्रत्येक वेळी पोलीस, कोर्ट, संस्था आणल्याने मुलगी कायमची तुटते. आधी बैठक घेऊन पाहायला काय हरकत आहे?

अवनी_मिडलंड्स

अण्णा, तुमचा हेतू कळतो. मुलगी तुटू नये असं तिलाही वाटत असतं, बहुतेकींना घर सोडायचं नसतंच. तरीही बैठक नको. ब्रिटिश सरकारची या विषयावरची अधिकृत मार्गदर्शिकासुद्धा कुटुंबाशी मध्यस्थी करू नका असं स्पष्ट सांगते. कारणं अशी.

बैठकीत तक्रार उघड होते. आतापर्यंत दोन-चार जणांना माहीत असलेली गोष्ट दहा जणांत गेली की घराण्याची नाचक्की खरोखर झाली, असं घरचे धरतात आणि तिथून धोका एकदम वर चढतो. दुसरं, जाणते म्हणून बसणारे बहुधा त्याच भावकीतले असतात, आणि त्यांचा कल "थोडं तू घे, थोडं ते घेतील" असा असतो. तिसरं कारण माझ्या मते सगळ्यात गंभीर. बैठकीत घरचे कबूल करतात, माफी मागतात, आणि मुलगी परत जाते. परतल्यावर महिन्याभरात तिकीट काढलं जातं किंवा तिचा फोन कायमचा बंद होतो. बनाझसुद्धा काच फोडून पळाल्यावर इस्पितळातून आईवडिलांच्याच घरी परतली होती. आई असताना आपल्याला काही होणार नाही, असं तिला वाटलं.

कुटुंबाशी पुन्हा बोलायची इच्छा पुढे मागे तिला झाली, तर ते तिच्या मर्जीने, तिच्या वेळी आणि संस्थेच्या मदतीने.

अण्णा_स्लाव

तिसरा मुद्दा पटला. या दृष्टीने विचार केला नव्हता. बैठकीचा सल्ला मागे घेतो.

अॅड_मृण्मयी

कायद्याचा भाग मी घेते. इंग्लंड आणि वेल्सपुरतंच बोलते आहे.

फोर्स्ड मॅरेज प्रोटेक्शन ऑर्डर, म्हणजे एफएमपीओ, जबरदस्तीच्या लग्नापासून संरक्षण देणारा कोर्टाचा आदेश, हे मुख्य हत्यार. २००७ चा कायदा, नोव्हेंबर २००८ पासून लागू. फॉर्मचं नाव एफएल४०१ए. फी नाही. अर्ज मुलगी स्वतः करू शकते, तिच्यासाठी काउन्सिल करू शकतं, आणि कोर्टाच्या परवानगीने पोलीस, शिक्षक किंवा मैत्रीणही. तातडी असेल तर समोरच्यांना न कळवता त्याच दिवशी आदेश मिळू शकतो. वकिलासाठी लीगल एड, म्हणजे सरकारी पैसा, मिळू शकतं. संरक्षण आदेशांच्या बाबतीत उत्पन्नाची मर्यादा शिथिल होण्याची सोय आहे, म्हणून "मला पगार आहे, मला मिळणार नाही" असं परस्पर ठरवू नका.

आदेशात काय मागता हे नेमकं लिहा. इथेच लोक कमी पडतात. "मला त्रास देऊ नये" एवढं लिहून भागत नाही. पासपोर्ट कोर्टात जमा करणे, नवा पासपोर्ट न काढणे, देशाबाहेर न नेणे, साखरपुडा वा कोणताही विधी न करणे, फोनवरून वा दुसऱ्याकरवी संपर्क न करणे, मुलीला आधीच नेलं असेल तर ती कुठे आहे ते सांगणे आणि ठराविक तारखेपर्यंत परत आणणे. प्रतिवादींत फक्त आईवडील घालू नका. दम देणारा काका भारतात असला तरी त्याचं नाव घालता येतं. भारतात हा आदेश थेट बजावता येत नाही हे खरं, पण इथे राहणाऱ्या भावाला "बहिणीला परत आण" असा आदेश असेल आणि त्याने तो मोडला, तर तुरुंगात तो जातो. दबाव असा काम करतो.

आदेश मोडणं हा गुन्हा आहे, कमाल ५ वर्षं. जबरदस्तीने लग्न लावणं हा १६ जून २०१४ पासून स्वतंत्र गुन्हा, कमाल ७ वर्षं. १८ च्या आतल्या मुलामुलीचं लग्न लावण्यासाठी काहीही केलं तर २७ फेब्रुवारी २०२३ पासून तो गुन्हाच, मग जबरदस्ती झालेली असो वा नसो, लग्न नोंदणीचं असो वा नुसतं विधीचं. कौमार्य चाचणी करणं किंवा करवून घेणं १ जुलै २०२२ पासून गुन्हा आहे.

बऱ्याच मुलींना आईवडिलांना तुरुंगात पाठवायचं नसतं, त्या भीतीने त्या गप्प राहतात. त्यांना हे सांगा की एफएमपीओ हा दिवाणी आदेश आहे. तो मागितला म्हणून घरच्यांवर आपोआप फौजदारी खटला होत नाही.

विभा_क्रॉयडन

व्हिसावर मी लिहिते, कारण इथे आपल्या लोकांचा सगळ्यात जास्त घोळ होतो. "मी पोलिसात गेले तर नवरा व्हिसा रद्द करेल" ही धमकी जवळजवळ प्रत्येकीला दिलेली असते. व्हिसा रद्द करण्याचा अधिकार नवऱ्याला नाही, तो गृहखात्याला आहे. पण लग्न मोडल्याचं त्याने कळवलं तर तिची मुदत कमी होऊ शकते. म्हणून क्रम महत्त्वाचा.

नवरा ब्रिटिश नागरिक किंवा कायम रहिवासी असेल आणि ती स्पाउस व्हिसावर असेल, तर छळामुळे लग्न मोडल्यास ती स्वतःच्या नावाने कायम वास्तव्याचा अर्ज करू शकते. ३१ जानेवारी २०२४ पासून हे नियम इमिग्रेशन नियमांच्या वेगळ्या परिशिष्टात आहेत. छळ नवऱ्याच्या घरच्यांनी केला असला तरी तो ग्राह्य धरला जातो. हातात पैसे नसतील तर आधी छळ सोसणाऱ्या स्थलांतरितांसाठीची एमव्हीडीएसी नावाची सवलत मागायची. तिला फी नाही. ३ महिने राहण्याची परवानगी आणि त्या काळात सरकारी मदत व घरभाडं मिळायची वाट मोकळी होते. याच ३ महिन्यांत कायम वास्तव्याचा अर्ज गेला पाहिजे. परवडत नसल्याचं दाखवता आलं तर त्याचीही फी माफ होते.

आता आपल्या आयटीतल्या घरांचा प्रश्न. नवरा स्किल्ड वर्कर किंवा विद्यार्थी व्हिसावर आणि बायको डिपेंडंट, म्हणजे त्याच्या व्हिसावर अवलंबून. फेब्रुवारी २०२४ पासून या बायकांनाही एमव्हीडीएसी मागता येते, पण त्यांना पुढचा कायम वास्तव्याचा मार्ग नाही. शिवाय सवलत मिळाली की आधीचा व्हिसा जातो, दोन वर्षं शिल्लक असला तरी. ३ महिन्यांत दुसरा कुठला व्हिसा मिळाला नाही तर ती बेकायदा ठरते. म्हणून डिपेंडंट व्हिसावरच्या बाईने हा अर्ज सल्ल्याशिवाय कधीही करू नये. तिला स्वतःची नोकरी मिळून स्वतःचा व्हिसा होतो का, मुलांच्या आधारे काही होतं का, हे आधी तपासायला हवं. मुलं असतील तर व्हिसावर "सरकारी मदत नाही" असा शिक्का असला तरी १९८९ च्या चिल्ड्रन अॅक्टच्या कलम १७ खाली काउन्सिलकडून निवारा आणि खर्च मागता येतो. काउन्सिल पहिल्यांदा बहुधा नाही म्हणतं. संस्थेच्या वकिलाचं पत्र गेलं की हलतं.

सल्ला अधिकृत इमिग्रेशन सल्लागाराचाच घ्या. साउथॉल ब्लॅक सिस्टर्स आणि राइट्स ऑफ विमेन यांच्याकडे याच विषयातली माणसं आहेत.

आणि व्हिसाची मुदत संपलेली असेल तर पोलिसात जाण्याआधी संस्थेला फोन. पोलीस तिची माहिती इमिग्रेशनकडे देऊ शकतात. लिबर्टी ही मानवी हक्क संस्था आणि साउथॉल ब्लॅक सिस्टर्स यांनी २०१८ मध्ये याविरुद्ध मोठी तक्रार दाखल केली. २०२० च्या चौकशी अहवालात ती पद्धत घातक ठरवली गेली, तरी सरकारने पूर्ण बंदी घातली नाही. जीव धोक्यात असेल तेव्हा मात्र ९९९ च.

प्रसाद_रेडिंग

हे डिपेंडंटचं अजिबात माहीत नव्हतं. ई-व्हिसाचं काय? व्हिसाचं प्लास्टिकचं कार्ड बंद झाल्यापासून सगळं ऑनलाइन आहे.

विभा_क्रॉयडन

चांगलं आठवण करून दिलंत. बहुतेक घरांत ई-व्हिसाचं खातं नवऱ्यानेच उघडलेलं असतं, ईमेल त्याचा, फोन नंबर त्याचा. म्हणजे तिचा स्टेटस तोच पाहतो आणि लॉगिनचा कोडही त्यालाच जातो. ईमेल आणि नंबर बदलता येतो, पण बदलल्याची सूचना जुन्या ठिकाणी जाऊ शकते. म्हणून घर सोडायच्या आधी नव्हे, सोडल्यावर, संस्थेच्या मदतीने. आधी फक्त पासपोर्टचं पहिलं पान आणि व्हिसाचा तपशील सुरक्षित ठिकाणी टिपून ठेवावा.

सह्यकन्या

भारतात नेलं जाण्याची शंका असेल तर काय करायचं ते लिहिते. उन्हाळी सुट्टी, आजी आजारी, चुलतभावाचं लग्न, ही नेहमीची निमित्तं. भारतात कोर्टकचेरीला वेळ लागतो, म्हणून इथून न निघणं हाच सगळ्यात भक्कम उपाय.

निघावंच लागणार असेल तर आधी फोर्स्ड मॅरेज युनिटला माहिती देऊन ठेवा: पासपोर्टची प्रत, तिकिटाचा तपशील, परतीची तारीख आणि भारतातला पत्ता. "कोल्हापूरजवळ" असं चालत नाही. मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, जवळचं पोलीस ठाणं, घरमालकाचं पूर्ण नाव, वाडीवर राहणार असाल तर वाडीचं नाव. वकिलातीचे लोक शोधायला निघाले की एका गावात एका आडनावाची चाळीस घरं निघतात. विश्वासू मैत्रिणीला एक तारीख सांगा: "या दिवसापर्यंत माझा फोन आला नाही तर तू युनिटला कळव." थोडे रुपये, दुसरा साधा फोन आणि ब्रिटिश सिम अंगावर राहील असं ठेवा, सामानात नको.

विमानतळावर शेवटची संधी असते. कर्म निर्वाणाने मुलींना सांगितलेली युक्ती ठाऊक असावी: आतल्या कपड्यात धातूचा चमचा ठेवायचा. तपासणीच्या कमानीत आवाज होतो, बाजूला घेऊन झडती होते आणि घरच्यांपासून दूर, एकटीने बोलायला मिळतं. तिथे स्पष्ट म्हणायचं, "माझं जबरदस्तीने लग्न लावायला नेत आहेत."

तिथे अडकल्यावर: भारतात ११२ आणि महिलांसाठी १८१. ब्रिटिश पासपोर्ट असेल तर मुंबईतलं ब्रिटिश उपउच्चायुक्तालय. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) असलं तरी ती ब्रिटिश नागरिकच आहे, मदत मागायचा हक्क जात नाही. पासपोर्ट काढून घेतला असेल तर तातडीचा प्रवासकागद मिळतो. ओसीआय कार्डही गेलं असेल तर देश सोडायला एफआरआरओची (परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाची) परवानगी लागू शकते, त्याला दिवस लागतात, तेवढे दिवस सुरक्षित कुठे राहायचं याची सोय आधी पाहावी लागते. पूर्वी सुटका झालेल्या मुलींकडून परतीच्या खर्चाचं कर्ज लिहून घेत, ते जानेवारी २०१९ मध्ये बंद झालं. कोंडून ठेवलं असेल तर नातेवाईक नसलेली मैत्रीणही मुंबई उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पस (डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे आणा, असा) अर्ज करू शकते.

मुलगी भारतीय पासपोर्टवर असेल तर ब्रिटिश वकिलात फारसं काही करू शकत नाही. तिने विमानात बसायच्या आधीच हालचाल करायला हवी.

अॅड_मृण्मयी

यातच एक जोड. लग्न करून इथे आणलेल्या बायकोला "चार दिवस माहेरी जाऊन येऊ" म्हणून पुण्याला नेऊन सोडून द्यायचं, कागद काढून घ्यायचे आणि नवऱ्याने एकट्याने परतायचं, हाही छळाचाच प्रकार आहे. नवरा ब्रिटिश किंवा कायम रहिवासी असेल तर ३१ जानेवारी २०२४ पासून अशा बाईला भारतातून परतीचा अर्ज करता येतो. स्किल्ड वर्करच्या डिपेंडंटला ही वाट नाही.

भारतात तक्रार कुठे? सर्वोच्च न्यायालयाने रूपाली देवी प्रकरणात २०१९ मध्ये सांगितलं आहे की छळून हाकललेली बाई जिथे आसरा घेते तिथे गुन्हा नोंदवता येतो. म्हणजे माहेरच्या गावचं पोलीस ठाणं "घटना लंडनची आहे" म्हणून हात झटकू शकत नाही. १ जुलै २०२४ पासून सासरच्या छळाच्या जुन्या कलम ४९८-अ च्या जागी भारतीय न्याय संहितेची कलमं ८५ आणि ८६ आहेत.

नेहा_टेक

फोनबद्दल. घर सोडायच्या आधी लोकेशन शेअरिंग एकदम बंद करू नका. बंद झाल्याबरोबर संशय येतो. मदतीचे फोन आणि शोध लायब्ररीतल्या संगणकावरून किंवा मैत्रिणीच्या फोनवरून करा. कुटुंबाच्या सामाईक अॅपल किंवा गुगल खात्यात फोटो, संपर्क, नकाशातला प्रवास सगळं दिसतं. निघताना जुना फोन शक्यतो मागेच सोडा. सोबत न्यावाच लागला तर बंद करून न्या आणि संस्थेकडून तपासून घ्या. मुलांच्या टॅबलेटकडे सगळे दुर्लक्ष करतात, पत्ता तिथूनच फुटतो. पर्स आणि बाबागाडीत छोटे ट्रॅकर असतात, शिवण आणि कप्पे चाचपून पाहा. जोडखात्याचं कार्ड नव्या गावात एकदा जरी वापरलं तरी दुकानाचं नाव स्टेटमेंटवर येतं.

रेवती_ग्लासगो

घर सोडण्याच्या तयारीत आणखी दोन-तीन गोष्टी. कागद एकाच वेळी हलवू नका. कपाटातली फाइल अचानक पातळ झाली की लक्षात येतं. आज मुलाचा जन्मदाखला, पुढच्या आठवड्यात लग्नाचं प्रमाणपत्र, असं करत मैत्रिणीकडे किंवा संस्थेकडे ठेवा. मूळ कागद निघत नसेल तर फोटो. दागिन्यांचे फोटो काढा, अंगावर घालून काढलेले असतील तर उत्तम, पुढे स्त्रीधनाच्या दाव्याला उपयोगी पडतात.

निघाल्यावर घरचे बहुतेकदा ती बेपत्ता झाल्याची किंवा तिने सोनं चोरल्याची तक्रार देतात. हेतू एकच, पोलिसांकरवी पत्ता काढायचा. म्हणून संस्था आधीच पोलिसांना कळवून ठेवते की ही प्रौढ बाई स्वखुशीने गेली आहे, सुरक्षित आहे, पत्ता कोणालाही द्यायचा नाही. नव्या डॉक्टरकडे नाव घालताना रिसेप्शनवर कोणी ओळखीचं नाही ना ते पाहावं. मतदारयादीत निनावी नोंदणीची सोय आहे.

घरभाड्याची भीती वाटत असेल तर: इंग्लंडमध्ये घरगुती छळाच्या २०२१ च्या कायद्यापासून छळामुळे बेघर झालेल्या, सरकारी मदतीस पात्र असलेल्या बाईला काउन्सिलने प्राधान्याने घर शोधून द्यायचं असतं. "तुम्ही या भागातल्या नाही" हे कारण चालत नाही.

प्रसाद_रेडिंग

शेवटची शंका. मोठ्या राष्ट्रीय संस्था हे सगळं करू शकत नाहीत का? वेगळ्या आशियाई किंवा कृष्णवर्णीय बायकांच्या संस्था लागतातच का?

अवनी_मिडलंड्स

लागतात. याच प्रश्नावर कोर्टात लढाई झाली आहे. इलिंग काउन्सिलने २००८ च्या सुमारास ठरवलं की सगळ्या बायकांसाठी एकच सेवा हवी, आणि साउथॉल ब्लॅक सिस्टर्सचा निधी धोक्यात आला. दोन बायका कोर्टात गेल्या, सुनावणी सुरू असतानाच काउन्सिलने माघार घेतली. "सगळ्यांना समान" म्हणजे सगळ्यांना एकच साचा नव्हे, हे कोर्टाने तरीही दिलेल्या निकालात नोंदलं गेलं. तरी आजही काउन्सिल कंत्राट काढतं तेव्हा स्वस्तात जास्त खाटा दाखवणारी मोठी संस्था जिंकते आणि चार भाषा बोलणारी छोटी संस्था बंद पडते.

फरक कामात दिसतो. सर्वसाधारण सेवांमध्ये धोका मोजायला २४ प्रश्नांचा तक्ता वापरतात. १४ "हो" आले की प्रकरण मॅरॅक नावाच्या बहुसंस्था बैठकीत जातं. प्रश्न बहुतांश एका जोडीदाराबद्दल असतात: त्याने गळा दाबला का, तो दारू पितो का. वडिलांनी कधी हात लावला नाही, भावाने फक्त एकदा "तुला गाडून टाकू" म्हटलं, आणि पुढच्या शुक्रवारचं तिकीट आहे, अशा मुलीचे पाच-सहाच "हो" येतात. नवशिका कर्मचारी तिला कमी धोक्यात टाकतो. जाणकार कर्मचारी आकड्यावर थांबत नाही, स्वतःच्या निर्णयाच्या अधिकारात तिला उच्च धोक्यात घालतो. तो तिला विचारतो: घरात अजून कोणाकोणाला माहीत आहे? मोठ्या बहिणीचं लग्न कसं झालं? आधी कोणी घर सोडून गेलं होतं का, त्यांचं काय झालं?

आणि घर सोडल्यानंतरचा काळ. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात फोन येतो: "आईला अॅटॅक आलाय, शेवटचं भेटून जा." दिवाळीच्या दिवसांत हे फोन वाढतात. ज्या रेफ्यूजमध्ये कोणीतरी तिच्यासोबत फराळ करतं, तिची भाषा बोलतं, तिथे तो दिवस निघून जातो. आई खरंच आजारी आहे का हे संस्था पोलिसांमार्फत किंवा इस्पितळातून पडताळू शकते. तसं करून घ्या, एकटीने निघू नका.

शर्वरी_एम

माझा प्रश्न छोटा आहे. इंग्रजी येत नसेल तर मराठी दुभाषा मागता येतो का? मिळालेला ओळखीचा निघाला तर?

रेवती_ग्लासगो

मागता येतो, पोलीस, डॉक्टर, कोर्ट सगळीकडे. "हिंदी चालेल ना" असं विचारतील. जबाब द्यायचा असेल तर चालेल म्हणू नका, बारकावे सुटतात आणि पुढे कोर्टात जबाबातल्या विसंगती दाखवल्या जातात. घरचं माणूस, शेजारी किंवा मूल यांना दुभाषा म्हणून कधीही घ्यायचं नाही.

इथे मराठी दुभाषे मोजके, म्हणून ओळख निघण्याची शक्यता खरीच. आधीच सांगायचं: बाई हवी, दुसऱ्या शहरातली हवी, फोनवरून हवी, व्हिडिओ नको, आणि माझं नाव, आडनाव, गाव तिला सांगू नका. आवाज ओळखीचा वाटला तर कारण न देता "मला दुसरी दुभाषी हवी" म्हणा. तेवढं वाक्य इंग्रजीत पाठ करून ठेवा. समोरच्याने ते ऐकलंच पाहिजे, आणि नाही ऐकलं तर जबाब तिथेच थांबवून संस्थेला फोन लावून मागा.